निऱ्या मागे

घरात माणसं तीन आणि विषारी वायूपासून वाचवणारा मास्क एक, अशी आमची त्या हिवाळ्यातली अवस्था होती. तो मास्क यांचा. हे रास तनुराच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होते, पण थेट तेल कंपनीचे नव्हेत, एका ठेकेदाराचे. एरवी हा फरक पगाराच्या दिवशी जाणवायचा. इराकनं कुवेत गिळलं आणि तो रोज जाणवू लागला. कंपनीची माणसं फाटकाच्या आत, हिरवळीच्या वसाहतीत राहायची. आम्ही फाटकाबाहेरच्या गावात, भाजीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. आतल्या लोकांना बायकामुलांसकट मास्क मिळाले. आमच्या ठेकेदारानं कामावरच्या माणसाला तेवढा दिला. कुटुंबांचं काय, असं विचारलं की ऑफिसातला माणूस म्हणायचा, "बुकरा." बुकरा म्हणजे उद्या. सौदीतली तीन वर्षं मी हा शब्द ऐकत होते आणि त्यातला उद्या अजून उजाडायचा होता.

मुलगी सहा वर्षांची होती. यांनी मास्क घरी आणला त्या दिवशी तिच्या तोंडावर लावून पाहिला, तर तो हनुवटीवरून घसरून थेट गळ्यात आला. ती खिदळली. आम्हाला हसू आलं नाही. मोठ्या माणसाचा मास्क तिच्या उपयोगाचा नाही एवढं त्या दिवशी पक्कं कळलं. लहान मापाचा कुठूनतरी मिळवायला हवा होता. माझ्यासाठी मिळाला तर ठीक, पण तिच्यासाठी मिळायलाच हवा होता.

मग भारतात का नाही गेलात, असं आजही लोक मला सहज विचारतात. आमचे पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे आम्हाला सौदीत आणणाऱ्या मालकाच्या कपाटात होते. मला आणि मुलीला तरी जाऊ द्या म्हणून अर्ज केला होता, त्यालाही उत्तर बुकरा. यांनी स्वतः निघायचं म्हटलं असतं तर नोकरी खलास, आणि नाशिकला सासऱ्यांचं आजारपण याच नोकरीवर चाललेलं. तेव्हा खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या लावायच्या, रेडिओ कानाशी धरायचा आणि डोक्यावरून जाणारी विमानं आपली की त्यांची याचा अंदाज करत पोळ्या लाटायच्या, असं चाललं होतं.

यांचे वरचे साहेब स्कॉटलंडचे होते. उंच, लालबुंद, आणि इंग्रजी असं की इंग्रजी येणाऱ्यालाही दुभाषी लागावा. कंपनीचे असूनही यांना ते बरोबरीनं वागवायचे. एकदा ज्यापुढे सगळ्यांनी हात टेकले तो बिघाड यांनी चिकाटीनं शोधून काढला, तेव्हापासून तर त्यांचा यांच्यावर फार लोभ. नोव्हेंबरच्या अखेरीला त्यांच्या लोकांच्या कुठल्याशा संताचा दिवस असतो. त्या दिवशी वसाहतीतल्या हॉलमध्ये जेवण आणि नाच व्हायचा. त्या वर्षी बहुतेकांनी बायकामुलं मायदेशी पाठवून दिलेली, पंगत रिकामी दिसायला लागली, म्हणून साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. बोलावताना म्हणाले, "आणि तू किल्ट घालूनच यायचं. तू अर्धा स्कॉटिश आहेसच, एक स्क्रूसुद्धा वाया जाऊ देत नाहीस!"

ही थट्टा होती. शेंबड्या पोराला कळली असती. यांना कळली नाही, किंवा कळूनही यांनी ती हुकमासारखी उचलली.

"किल्ट म्हणजे तो घागरा?" मी विचारलं.

"घागरा नव्हे गं. त्यांचा मानाचा पोशाख आहे. कोट, पुढे बटवा, लांब मोजे, सगळं असतं."

"तुमचा लग्नातला काळा सूट आहे की. तो घाला आणि चला."

"साहेब स्वतः म्हणाले आहेत. आपण सुटात गेलो तर त्यांना वाईट वाटेल."

भीड हा माझ्या सासरचा कुळधर्म आहे. कुणाचा पाय यांच्या पायावर पडला तर हेच आधी सॉरी म्हणतात. कुणाकडे जेवायला गेलं की भूक असूनही पहिल्या वाढीलाच पानावर हात आडवा. तीन वर्षांत यांनी ठेकेदाराकडे पगारवाढ मागितली नाही, पंखा बदलून मागितला नाही. "त्यांच्या लक्षात असेल," म्हणायचे. मी नाशिकच्या बाजारात घासाघीस करत वाढलेली, तोंडानं फाटकी. या स्वभावापायी माझं पित्त दिवसातून एकदा तरी खवळायचंच.

किल्ट कसा शिवतात ते बघायला हे साहेबांच्या घरी गेले. त्यांचा किल्ट समोर ठेवून टेपनं मापं घेतली, पट्टे कुठे, बक्कलं कुठे, सगळं पाहून आले. घरी आल्यावर चहा पिता पिता मला समजावून सांगत होते, की पुढचा भाग सपाट असतो आणि सगळ्या निऱ्या मागे. मी म्हटलं, "मागे? मग बसायचं कसं?" त्यावर हे काहीतरी बोलले आणि त्याच ओघात सहज म्हणाले, "बिचाऱ्यांचं घर अगदी ओकंबोकं वाटतं. बायको नि मुलगी गेल्या. दोघींच्या मास्कचे डबे तसेच कपाटावर पडलेत."

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

"मुलगी केवढी आहे त्यांची?"

"भिंतीवर फोटो आहे. आपल्या बाईसाहेबांएवढीच दिसते. ते तर नेहमी माझी चिमुरडी, माझी चिमुरडी करत असतात."

"मग मागितलेत का?"

"काय?"

"डबे! दुसरं काय?"

हे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी साहेबांच्या घरी चोरी करायला सांगितली. "अगं, तो माणूस हौसेनं किल्ट दाखवत होता. त्यात हे कसं मागायचं? आणि ते त्यांच्या बायकोमुलीचं आहे. असं तोंड वेंगाडून..."

मी आतल्या खोलीत जाऊन बसले. डोक्यात नुसती तिडीक गेली होती. दोन मास्क एका कपाटावर धूळ खात होते आणि माझी पोर शेजारच्या खोलीत चित्रं रंगवत होती. रडून झालं, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन यांना म्हटलं, "किल्ट मी शिवते. तुमचे साहेब खूश होतील असा शिवते. पण त्या दिवशी तुम्ही डबे मागायचे. कबूल?"

"बघतो," हे म्हणाले. यांचं बघतो आणि ऑफिसातलं बुकरा ही सख्खी भावंडं होती, पण त्या वेळी माझ्या हातात दुसरं काही नव्हतं.

गुरुवारी ठेकेदाराची बस खोबरच्या बाजाराला जायची. खोबर तेव्हा अमेरिकन सैनिकांनी भरलेलं. रंगीत बल्बांच्या दुकानांतून ते घोळक्यानं फिरायचे, शावरमा खायचे, घरी पाठवायला सोनेरी काठाचे गालिचे घ्यायचे. शिंप्यांच्या गल्लीत तर पाय ठेवायला जागा नव्हती. मी ज्याच्याकडे पडदे शिवून घेतले होते तो पाकिस्तानी शिंपी सैनिकांच्या शर्टांवर नावांच्या पट्ट्या शिवण्यात बुडालेला. मान वर न करता म्हणाला, "बाजी, अभी फौज का काम है. जंग के बाद आना." जंगनंतर मला किल्ट कशाला लागणार होता!

तेव्हा शिवणं माझ्याच गळ्यात पडलं. मी नाशिकला शिवणाचा क्लास केला होता आणि हातमशीन बरोबर आणलं होतं, त्यामुळे त्याचं भय नव्हतं. कापडानं मात्र नाकी नऊ आणले. शाळेच्या युनिफॉर्मचं चौकड्यांचं कापड स्वस्त होतं, पण इतकं विरविरीत की यांचे पाय दिसले असते. खऱ्या लोकरी सुटिंगला हात लावला आणि भाव ऐकून हात मागे घेतला. शेवटी एका येमेनी म्हाताऱ्याच्या दुकानात, खालच्या फळीवर, लाल आणि हिरव्या चौकटीचं एक जाड लोकरी ठाण सापडलं. लहान मुलांच्या हिवाळी कोटांसाठी आणलेलं, म्हणाला, पण या वर्षी कोट कोण शिवतंय? लोक गाव सोडून चाललेत. त्यानं ते जवळजवळ फुकटात दिलं. साहेबांचा किल्ट आठ वार कापडाचा होता. मी पाच मीटरवर भागवलं. नऊवारी नेसणाऱ्या बायकांच्या घरातली मी, कुठली निरी कुठे चोरायची ते मला कुणी शिकवायला नको होतं.

पण ते काम वाटलं तितकं सोपं नव्हतं. किल्टच्या निऱ्या साडीसारख्या मोकळ्या सोडत नाहीत. कमरेपासून कुल्ल्यापर्यंत त्या एकेक करून शिवून टाकायच्या आणि खाली मोकळ्या. शिवाय प्रत्येक निरी अशी धरायची की घडीनंतर वरून पाहिलं तर चौकट न मोडता सलग दिसली पाहिजे. मुलगी शाळेत गेली की मी जमिनीवर कापड पसरून गुडघ्यांवर बसायची. टाचण्या लावायची, काढायची, पुन्हा लावायची. लाल पट्टी लालवर यायला तयार नसायची. वरून विमान गेलं की घर हादरायचं आणि टाचणी बोटात शिरायची. मी त्या कापडाला, साहेबांच्या संताला, यांच्या भिडेला आणि बगदादच्या त्या मिशाळ माणसाला एका दमात शिव्या घालायची. पण उठायची नाही. मला वाटायचं, या निऱ्या जर बरोबर बसल्या तर बाकीचंही बसेल. माणूस घाबरला की असल्या पैजा लावतो.

बाकीचा साज घरातूनच उभा केला. लग्नातल्या काळ्या कोटाची लांबी कमी केली आणि त्याला चंदेरी बटणं लावली. पुढचा बटवा चामड्याचा नि केसाळ असतो म्हणे. मी माझी काळी पर्स उसवून लहान केली, पडद्याच्या गोंड्यांतले तीन काळे गोंडे तिच्यावर लटकवले आणि पर्सचीच साखळी कमरेला फिरवली. फुटबॉलचे पांढरे लांब मोजे मिळाले. ते गुडघ्याखाली दुमडून, आत इलॅस्टिक घालून, बाजूला लाल रिबिनीचे दोन तुकडे बाहेर काढले. मोज्यात एक छोटी सुरीही खोचतात, असं हे म्हणाले. फाटकावर सुरी सापडली तर आपल्याला कुठे खोचतील, असं मी विचारलं, तेव्हा तो विषय मिटला.

सगळं अंगावर चढवून मी यांना आरशासमोर उभं केलं. पोटऱ्या काटकुळ्या होत्या, पण कमरेवर किल्ट झकास बसला होता आणि मागच्या निऱ्या चालताना अशा हलत होत्या की माझी मीच खूश झाले. मुलीनं टाळ्या पिटल्या. तिथल्या शाळेमुळे ती घरातही हिंदीच बोलायची. "पापा, ये तो मेरा स्कूल का स्कर्ट है!" हे लाजले. कुवेत गेल्यापासून आम्ही घरात पहिल्यांदाच मोकळेपणानं हसलो असू.

त्या संध्याकाळी मुलीला खालच्या मजल्यावरच्या केरळी नर्सबाईंकडे ठेवलं आणि आम्ही निघालो. सौदीत रस्त्यावरून किल्ट घालून जाणं म्हणजे आपण होऊन पोलिसाला हाक मारणं. म्हणून हे साध्या पॅंटीत होते आणि किल्ट पिशवीत. फाटकावर वाळूची पोती रचलेली, पहारा वाढलेला. शिपायानं पिशवी उघडून किल्ट दोन हातांत धरून उंच केला, इकडून तिकडून पाहिला आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हुर्मा?" म्हणजे बाईमाणसाचं का? यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. "अय्वा, अय्वा." मी अबायाच्या आत हसू दाबलं.

हॉलशी पोचल्यावर हे पिशवी घेऊन तिथल्या न्हाणीघरात शिरले. दाराशी मी शेवटचं बजावलं, "डबे." यांनी मान हलवली.

मी आत जाऊन अबाया उतरवला, साडीचा पदर सारखा केला आणि चहूकडे पाहिलं. तीसेक पुरुष असतील. त्यांतले जेमतेम पाच-सहा किल्टमध्ये. बाकीचे सगळे स्कॉटिश साध्या गडद सुटांत! नंतर कळलं की बहुतेकांचे किल्ट मायदेशीच होते आणि आमंत्रणाच्या कार्डावरही सूट चालेल असं स्वच्छ छापलं होतं. ते कार्ड हे वाचून आले होते. तरी!

आणि मग हे आले.

कोट बरोबर होता. मोजे, रिबिनी, सगळं बरोबर. फक्त सगळ्या निऱ्या पुढे होत्या. माझ्या त्या एकेक करून बसवलेल्या निऱ्या यांच्या पोटाखाली फुगल्या होत्या, त्यांच्यावर माझी पर्स हेलकावे घेत होती, आणि मागे सपाट पडदा. घरी मी नेसवलं होतं. इथे एकटा माणूस, मनात दुसराच घोर. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि रोज सकाळी बायकोला निऱ्या पुढे खोचताना बघितलेलं. हातांना जे ठाऊक होतं ते हातांनी केलं.

मग कोपऱ्यातून एक हसू फुटलं आणि ते पसरत गेलं. दुष्टपणाचं नव्हतं ते, आज मला कळतं, पण तेव्हा माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. यांना काय चुकलं तेच कळत नव्हतं. हे सगळ्यांकडे बघून विनयानं हसत उभे. त्या माणसाला हातानं धरून तडक घरी न्यावं असं वाटलं.

तेवढ्यात साहेब पुढे झाले. हसले नाहीत. यांच्या खांद्यावर हात टाकला, काहीतरी पुटपुटले आणि यांना घेऊन परत न्हाणीघराकडे गेले. बराच वेळ दोघं आतच. बाहेर टेपवर त्यांची ती पिशवीची सनई वाजत होती. मग दोघं बाहेर आले. निऱ्या मागे गेलेल्या, बटवा सरळ. हॉलनं टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्यानं यांना विचारलं, या चौकटी कुठल्या घराण्याच्या? त्यांच्यात म्हणे घराण्यागणिक चौकटी वेगळ्या. हे गंभीरपणे म्हणाले, "माझ्या बायकोच्या."

मी यांच्याकडे नजर लावून बसले होते. मागितलेत का? यांनी डोळे ताटात घातलेले. मला समजून चुकलं, नाही मागितले. एवढी फजिती, त्यात त्या माणसानं स्वतः वाकून पट्टे बांधून दिले, आता तर उपकाराचं ओझं झालं. आता हे जन्मात तोंड उघडणार नाहीत. जेवण संपेपर्यंत मी मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होते. हे नाही तर मी. निघताना साहेबांसमोर उभं राहायचं आणि सरळ म्हणायचं, माझी मुलगी सहा वर्षांची आहे. पुढचं आपोआप येईल.

निघताना साहेब म्हणाले, गाडीनं सोडतो. गाडी त्यांच्या घरासमोर थांबली. मी तोंड उघडणार इतक्यात ते उतरून आत गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातांत दोन डबे होते. मागचं दार उघडून त्यांनी ते माझ्या मांडीवर ठेवले. "आधी सांगायला नको का?" असं काहीसं म्हणाले. मी त्यांचा हात धरला आणि रडले.

घरी आल्यावर यांना विचारलं, "कधी मागितलेत?"

"आतच. न्हाणीघरात."

"आणि जमलं तुम्हाला?"

"ते मागून पट्टे बांधत होते ना," हे म्हणाले. "माझं तोंड भिंतीकडे होतं. त्यांचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून बोललो. समोर असते तर नसतं जमलं."

निऱ्या बरोबर असत्या तर मास्क मिळाले नसते, हा विचार करून मला त्या रात्री शांत झोप लागली. किती दिवसांनी!

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुटीचा. सकाळी दुधाचा पेला संपल्यावर मुलीला मांडीवर घेऊन हे मास्क घालून बघायला बसले. एक डबा माझा, म्हणून बाजूला ठेवला. दुसरा उघडला. मास्क बाहेर काढून हे तो नुसताच हातात धरून बसले.

"काय झालं?"

यांनी माझा डबा उघडला आणि त्यातल्या मास्कशेजारी तो ठेवला. दोन्ही एकाच मापाचे.

तरी घालून पाहिला. पट्टे आवळले, आणखी आवळले, मुलगी कुरकुरायला लागली इतके आवळले. मास्कच्या पुढच्या फिल्टरच्या तोंडावर तळहात दाबून श्वास ओढायचा असतो. मास्क गालाला चिकटला की तो बसला. हे तिला म्हणाले, "ओढ बघू जोरात." तिनं ओढला आणि दोन्ही गालांशेजारून हवा फुसफुसत आत गेली. माझी दोन बोटं त्या फटीतून सहज आत गेली. नंतर साहेबांनीच सांगितलं, फोटो जुना होता. त्यांची चिमुरडी सोळा वर्षांची होती, जवळजवळ त्यांच्याच उंचीची. बाप अजून तिला चिमुरडी म्हणत होता, यात त्याची काय चूक?

त्यानंतर मी यांना जे करताना पाहिलं ते आठ वर्षांत पाहिलं नव्हतं. हे मागायला लागले. लहान मास्क आहे का? साहेबांना पुन्हा विचारलं, आणि त्या भल्या माणसानं वसाहतीतली दारं ठोठावली, पण लहान मुलांच्या घरांना कधीच कुलपं लागली होती. ठेकेदाराच्या ऑफिसात हे रोज जाऊन उभे राहायचे आणि बुकरा ऐकून दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला विचारायचे. खोबरला एका अमेरिकन सैनिकाला रस्त्यात अडवून विचारलं. तो म्हणाला, आमच्याकडे मुलं नसतात, सर. घरी येऊन हे मोजे काढत बसायचे आणि मी काही विचारायची नाही. ज्या स्वभावावर मी आठ वर्षं तोंडसुख घेतलं तो सुटत होता आणि मला त्याचा जराही आनंद होत नव्हता. शेवटी शेवटी मला वाटायचं, यांनी आता कुणाकडे काही मागू नये.

लहान मास्क मिळाला नाही.

जानेवारीत युद्ध सुरू झालं. पहिला भोंगा वाजला तेव्हा आम्ही तिघं घरी होतो, दिवेलागणीची वेळ. ठरवल्याप्रमाणे आतल्या खोलीत गेलो, दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला, गादीवर बसलो. यांनी आपला मास्क चढवला. मी माझा चढवला. रबराच्या वासानं मळमळलं. मग आम्ही दोघांनी मिळून मुलीला तिचा चढवला, हनुवटीखाली रुमालाची घडी कोंबली, गालांशी कापूस भरला. ती आज हसत नव्हती. काचांतून तिचे डोळे मोठे दिसत होते. तिनं श्वास घेतला की कापसाचा पुंजका आत ओढला जायचा, सोडला की बाहेर यायचा. भोंगा वाजतच होता.

आम्ही दोघं तिच्याकडे बघत होतो. काचांमुळे यांचा चेहरा मला दिसत नव्हता. मग यांनी दोन्ही हात मागे नेले, डोक्यावरचे पट्टे सैल केले आणि मास्क काढून गादीवर ठेवला. मी "अहो" म्हटलं, ते माझ्याच तोंडाशी घुमलं. यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही माझा काढला.

"पापा, आपने क्यों निकाला?" मुलीचा आवाज रबरातून आला.

"उकडतं गं त्यात," हे म्हणाले. खोलीत इतका गारठा होता की यांच्या खांद्यावर शाल होती.

"मला पण उकडतं," ती म्हणाली, चक्क मराठीत. मी तिचा मास्क काढला, गालाला चिकटलेला कापूस पदरानं पुसला आणि तिला आमच्या दोघांच्या मध्ये घेतलं.